टोचणरावांची पाठ आणि नोईमावशीची चटई

एका जंगलात, मुलांनो, दुखण्याला फार मान होता.

तुमच्याकडे कोणी भेटलं की 'काय, बरं आहे ना?' असं विचारतात. त्या जंगलाच्या राजधानीत 'काय, कुठे दुखतंय?' असं विचारत. 'कुठेच नाही' असं उत्तर कोणी देत नसे. ज्याला काही दुखत नाही तो काही काम करत नाही, असा तिथला पक्का समज होता. सिंहमहाराजांच्या दरबारात मान धरलेले पुढे बसत, कंबर धरलेले त्यांच्या मागे, आणि नुसते गुडघे दुखणारे खांबापाशी. धडधाकट सशांना दाराशी उभं करून पाणी वाटायला लावत.

या दरबारात टोचणराव नावाचे साळिंदर होते. हुद्दा पाणवठा-अधिकारी. कुठल्या पाणवठ्यावर कोणी कधी पाणी प्यायचं, हे ते ठरवत. वाघाची आणि हरणाची वेळ एक झाली की वाघ खूश होई आणि हरणांची बोलणी टोचणराव खात. त्यामुळे त्यांच्या पाठीवरचे काटे सदा उभे असत. आधी ते रागाने उभे राहिले, मग काळजीने, आणि पुढे खाली बसायचं कसं हेच विसरून गेले. टोचणराव पोटावर झोपत. भिंतीपासून आणि बायकोपासून हातभर दूर बसत. त्यांच्या पाठीवरून शेवटचा हात फिरला तो त्यांच्या आईचा, आणि तोही काटे राठ होण्याआधी.

दरबारात मात्र या काट्यांचं भारी कौतुक होतं. 'काय राबतो हो हा माणूस,' असं लांडगेसुद्धा म्हणत. टोचणराव माणूस नव्हते हे खरं, पण जंगलात तसं म्हणायची पद्धत आहे.

अशातच म्हातारे प्रधान, गवेकाका, एका बैठकीला बसले ते उठेचनात. कंबर कायमची धरली. त्यांचा मोठा सत्कार झाला आणि प्रधानाची जागा रिकामी झाली. तिच्यावर दोघांचा डोळा होता. एक आपले टोचणराव आणि दुसरे मुसंडीराव रानडुक्कर. मुसंडीरावांची मान डावीकडे वळत नसे. निदान दरबारात तरी वळत नसे. निवड चार महिन्यांनी, पौर्णिमेला व्हायची होती.

तेवढ्यात टोचणरावांना एक काम लागलं. राज्याच्या पार टोकाला, नदीकाठी, एक गाव होतं. तिथल्या घाटाची पाहणी करायची होती. त्या गावाला जायला कोणी राजी नसे, कारण तिथे काही घडतच नसे. दुपार झाली की बाजार मिटे. नदी सावकाश वाहे आणि घाटावरची कासवं तिच्याकडे बघत बसत. पलीकडून हाक आली तर नाव सुटे, नाहीतर नावाडी पाणमांजर तिच्यातच ताणून देई.

पाहणी लगेच उरकली. टोचणराव निघायला म्हणून वळले आणि त्यांची मान धरली. खरीखुरी धरली. पहिल्यांदा त्यांना आनंदच झाला, आता प्रधानपद कुठे जात नाही म्हणून. मग कळ मस्तकात गेली. नावाड्याने त्यांना नोईमावशीकडे नेलं.

नोईमावशी ही माकडीण. तिची आई सयाम देशातून आलेली. तिने थाई मालिशची विद्या लेकीच्या हातात दिली आणि डोळे मिटले. मावशीचं घर बांबूचं. जमिनीवर चटया, मध्ये जुन्या लुगड्यांचे पडदे, खिडकीतून नदी. आल्यागेल्याचे पाय ती आधी धुवी, मग सैल सुती पायजमा घालायला देई. सगळं अंग दाबून द्यायची ती दोन केळी घेई.

दोन केळी ऐकून टोचणरावांचं तोंड वाकडं झालं. राजधानीत अस्वलाचं मालिशघर होतं. तिथे मधाचं अख्खं पोळं मोजावं लागे, आणि पाठीला हात लागायच्या आधी बासरी ऐकावी लागे. दोन केळ्यांत होणारी मालिश ती काय असणार? पण अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. इथे तर माकडीणच ह्यांचे पाय धरणार होती. टोचणरावांनी पायजमा चढवला आणि ते चटईवर पालथे पडले.

मावशीने काट्यांना हातही लावला नाही. ती तळव्यांपासून सुरू झाली. अंगठ्याने एक जागा दाबून तिने विचारलं, "दुखतंय?"

टोचणराव पडले दरबारी. सवयीने म्हणाले, "फार."

मावशीने हात उचलला आणि पुढची जागा धरली. "दुखतंय?"

"अतोनात."

तिने तिथूनही हात उचलला. पोटरी झाली, मांडी झाली, कंबर झाली. प्रत्येक ठिकाणी टोचणरावांनी रीतसर उत्तर दिलं, आणि शेवटी मावशी त्यांना नुसता पंख्याने वारा घालत बसली.

"मालिश कधी सुरू होणार?" टोचणरावांनी विचारलं.

"अहो साहेब, दुखतंय म्हटलं की मी सोडते. आमची रीतच आहे ती," मावशी म्हणाली. "दाबून हवं असेल तर खरं काय ते सांगा."

ती पुन्हा तळव्यांपाशी बसली. पुन्हा अंगठा टेकला.  खरं उत्तर टोचणरावांनी जन्मात दिलं नव्हतं, आणि दरबारात कोणी ऐकलं असतं तर जागा गेली असती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. खिडकीत एक कासव होतं, पण ते नदीकडे बघत होतं.

"नाही दुखत," ते हळूच म्हणाले.

मग मात्र मावशीने हात चालवला. अंगठ्याने तळवे, तळहाताने पोटऱ्या, कोपराने मांड्या. एक पाय उचलून असा काही ओढला की कंबरेत कट्‌कन वाजलं, आणि टोचणरावांना वाटलं की आपण एका वितीने लांब झालो. गवती चहा, हळद आणि कापूर बांधलेली गरम पोटली तिने त्यांच्या मानेवर टेकवली. ती विचारत होती आणि ते सांगत होते, नाही दुखत, नाही दुखत, अजून जरा जोरात. दाबता दाबता पाठीवरचा एक काटा आडवा झाला. मग दुसरा. मग पावसाने भात लवावं तसे सगळे लवले, आणि मावशीने त्यांच्या उघड्या पाठीवरून सरळ हात फिरवला.

टोचणराव चटईत तोंड खुपसून रडले, मुलांनो. त्यांना आईची आठवण झाली. मावशीने त्यांना आल्याचा चहा दिला आणि ती केळी सोलत बसली.

त्यानंतर त्या घाटाची फार वेळा पाहणी झाली. राज्यात दुसऱ्या कुठल्या घाटाची इतकी काळजी कोणी घेतली नसेल. परतताना पंचाईत होई ती काट्यांची. टोचणराव राजधानीच्या वेशीबाहेर थांबत, मुसंडीरावांचा चेहरा डोळ्यांपुढे आणत, आणि एकेक काटा उभा करून आत शिरत.

पौर्णिमा आली. दरबार भरला. मुसंडीराव दोन कोल्ह्यांच्या आधाराने आले आणि महाराजांना मुजरा करताना कळवळले. सगळ्यांनी माना डोलवल्या, म्हणजे ज्यांच्या डोलत होत्या त्यांनी. मग टोचणरावांची पाळी आली. ते आदल्याच दिवशी पाहणीहून आले होते. महाराजांनी आपला जड पंजा त्यांच्या खांद्यावर ठेवला आणि विचारलं, "दुखतंय?"

आणि टोचणरावांच्या तोंडून गेलं, "नाही दुखत. अजून जरा जोरात."

दरबार गार पडला. लांडग्यांनी आपली पिल्लं पोटाशी घेतली. प्रधानपद मुसंडीरावांना मिळालं, आणि ज्याला काहीच दुखत नाही असल्या निलाजऱ्याला महाराजांनी जिथे काहीच घडत नाही तिथे धाडून दिलं. टोचणराव कायमचे घाट-अधिकारी झाले. निघताना तोंड सुतकी ठेवायला त्यांना बरेच कष्ट पडले. बायको मात्र पहिल्यांदाच त्यांच्या शेजारी बसून, खांद्याला खांदा लावून, बैलगाडीतून गेली.

नदीकाठी त्यांचे दिवस फार सुखात गेले. सकाळी घाट, दुपारी चटई. तरी मावशीच्या हातांची बातमी काही लपत नाही. एके दिवशी घोंगडी पांघरून स्वतः महाराजच आले. बरोबर प्रधान मुसंडीराव. टोचणराव पडद्यापलीकडे पालथे होते. सगळे काटे झोपलेले.

"ही मालिश खरी निघाली," महाराज म्हणत होते, "तर हिला राजधानीत नेऊ. अस्वलाच्या शेजारी मोठं मालिशघर बांधू. हे गावही जरा हलतं करू."

 मावशीच्या चटयांवर बासरी वाजताना टोचणरावांना ऐकू येऊ लागली.

मावशीने महाराजांच्या तळव्यावर अंगठा टेकला. "दुखतंय?"

"महाराजांना विचारता काय?" मुसंडीराव मध्ये पडले. "महाराजांना फार दुखतं. सर्वांहून जास्त दुखतं."

मावशीने हात उचलला. ती आपली रीत सांगायला गेली, तर प्रधानांनी तिला गप्प केलं. महाराजांना थोडा वेळ वारा घातला गेला. मग त्यांनी वैतागून पडदा सारला.

"टोचण्या, तू इथे रोज येतोस म्हणे. तुला काय गुण आला?"

टोचणरावांनी मावशीकडे पाहिलं. खिडकीतून नदीकडे पाहिलं. खरं सांगून त्यांचं एक पद गेलं होतं, आता चटई जायची वेळ आली होती. त्यांनी डोळे मिटले आणि दरबार आठवला. काटे एकजात ताठ उभे राहिले.

"मेलो, महाराज," ते कण्हले. "मान गेली, कंबर गेली. काडीचा गुण नाही."

महाराजांनी ते काटे नीट पाहिले. मग मुसंडीरावांना म्हणाले की दोन केळ्यांत दुसरं काय मिळणार, आणि घोंगडी सावरून चालते झाले. त्या गावात पुन्हा दरबारातलं कोणी फिरकलं नाही.

मावशीने कपाळाला हात लावला. एवढी मेहनत पाण्यात गेली होती. मग तिने टोचणरावांचा पाय मांडीवर घेतला आणि पुन्हा तळव्यापासून सुरुवात केली.

तात्पर्य : नेहमी खरं बोलावं, त्याने पाठ मोकळी होते. पण सुखाची स्वस्त जागा सापडली असेल, तर मोठ्यांसमोर न चुकता कण्हावं.