सोनपेठ मार्गावरील दोन भाकरींची मोहीम

सोनपेठ-परभणी मार्गींचे समस्त उतारू, बसलेले व लोंबकळलेले, यांसी विदित व्हावें जे, राजश्री सूर्यभानराव, निवृत्त हेडमास्तर, यांचे तारुण्यांत शके अठराशें शहाण्णव, आनंदनाम संवत्सर, ऐसें एक साल येऊन गेलें. त्या सालाची याद निघाली म्हणजे अद्यापि त्यांचा आवाज जड होतो, चष्मा पुसणें पडतें, आणि मग 'आम्ही उपाशी राहून शिकलों' ऐसें ते लग्नकार्यांत, सत्कारांत, रेशनच्या रांगेंत देखील सांगतात. उपाशी कां राहिलां, हें कोणीं विचारिलें तर त्यांस खोकला येतो. सबब त्यांचे कुटुंब कुसुमबाई यांनीं सेवकास ताकीद केली कीं, "खरं काय झालतं ते एकदा लिवून टाका, म्हंजी मी सुटले." आज्ञा शिरसावंद्य मानून घडलें तैसें लिहितों.

ते समयीं सूर्यभान एकोणीस वर्षांचे, घरांत मॅट्रिकची खिंड लढून पार पडलेले पहिलेच वीर. मास्तरकीच्या शिक्षणास परभणींत दाखल जाहले आणि वसमत रस्त्यास पत्र्याच्या खोलींत बन्सीधर नामें सोबत्यासह मुक्काम केला. निघते समयीं तीर्थरूप किशनराव यांचें फर्मान जाहलें कीं, "शीक. पर तिथं पोट भरंना झालं तर बैलं वाट बघायलेत, माघारी यायचं." खोलींत स्टोव्ह नाही, खाणावळीची ऐपत नाही. म्हणोन रसदेचा बंदोबस्त एस.टी.वर सोंपविला.

तो बंदोबस्त येणेंप्रमाणें. मातुश्री लक्ष्मीबाई पहाटें चारास उठून भाकरी थापीत, पितळी डबा धडप्यांत बांधीत आणि फाट्यावर उभ्या राहून सोनपेठेहून निघालेल्या सहाच्या गाडीस हात करीत. कंडक्टर राजश्री तात्याराव डबा घेत आणि ड्रायव्हरचे पाठीमागें मांडीत. वाटेवरच्या गांवांचे ऐसे अकरा डबे जमत, आणि परभणीचे स्टँडावर अकरा विद्यार्थी मोर्चे लावून उभे असत. याजबद्दल तात्याराव कोणापासून छदाम घेत नसत. "पोरं शिकायलेत," इतकेंच म्हणत.

ऐसें सुरळीत चाललें असतां श्रावणमासीं गांवची शेजारीण दगडाबाई बाजारानिमित्त परभणीस आली आणि सूर्यभानास भेटून बोलली कीं, "तुझी माय रोज आठ भाकरी थापून बांधती. लय नशीबवान हाईस बाबा." हें वर्तमान ऐकतांच सूर्यभानाचे पायांखालची जमीन सरकली. कां कीं डब्यांत रोज भाकरी निघत त्या सहा. आठांतून सहा वजा जातां बाकी दोन राहिल्या, त्या कोठें गेल्या? गाडींत डब्यास हात लावणारा मनुष्य एकच. मग त्याच दिवशीं खोलीचें दार लोटून खलबत जाहलें. बन्सीधर यांनीं सल्ला दिला कीं, तात्यारावांनाच विचारून पाहावें. सल्ला फारच सोपा होता, म्हणोन नामंजूर जाहला.

आणि दैवयोग ऐसा कीं, त्याच आठवड्यांत वर्गांत अर्जलेखन शिकविलें होतें आणि सूर्यभानास दहांपैकीं नऊ गुण पडले होते. हातीं नवी तरवार आलेला शिपाई निवडुंग तरी छाटतोच. सूर्यभानांनीं फुलस्केप कागद घेतला आणि डेपोचे साहेबांस लिहिलें कीं, सदर मार्गावरील सदर वाहक सदर डब्यांतील दोन भाकरी प्रत्यहीं गिळंकृत करितो, तरी सदर इसमास सक्त समज द्यावी ही नम्र विनंती. खालीं नांव न लिहितां 'एक पीडित विद्यार्थी' ऐसी सही केली आणि अर्ज स्वहस्तें पेटींत टाकून शीळ घालीत परतले.

तिसरे दिवशीं तात्यारावांस मेमो मिळाला. चौथे दिवशीं गाडी आली, परंतु डबे आले नाहीत. अकराजण धांवले, तों तात्याराव पायरीवरून खालीं न उतरतां बोलले कीं, "तक्रार आलीय. डबा म्हंजी लगेज. लगेजाला कायदा हाय. आजपून मी कायद्यानं वागनार." ऐसी तीन दिवस रसद बंद. अकराजणांनीं शेंगदाणे खाल्ले, नळाचें पाणी प्यालें, व्याख्यानांत पोटांचे आवाज गुरुजींचे आवाजावर चढूं लागले. कोण्या नतद्रष्टानें तक्रार केली म्हणोन शिव्यांचा भडिमार जाहला, आणि त्यांत सर्वांहून खणखणीत शिव्या सूर्यभानांच्या होत्या. परंतु पथारीवर पडल्यावर त्यांस किशनरावांचें फर्मान आठवे, बैलांचीं तोंडें दिसत, आणि हातचें शिक्षण आपल्याच लेखणीनें जातें ऐसें वाटून झोंप उडे. उपासाचे तिसरे दिवशीं त्यांनीं ट्रंक भरून ठेविली.

इकडे लक्ष्मीबाई तिन्ही दिवस फाट्यावर डबा घेऊन उभ्या राहिल्या आणि तिन्ही दिवस डबा घेऊन घरीं परतल्या. चौथे दिवशीं गाडी थांबली तेव्हां डबा पुढें न करितां खासा स्वारी पायरी चढून आंत गेली. सोनपेठच्या बाजारापलीकडे जिनें जग पाहिलें नाही ती बाई पुढील बांकावर बसून बोलली, "परभनीचं तिकीट फाडा." मग ज्या ज्या फाट्यास गाडी थांबली तेथें तेथें खिडकींतून हात काढून तिनें उभ्या असलेल्या बायांचे डबे आंत ओढिले. उतारूस हातचें सामान नेण्याची कायद्यानें मुभा, आणि एका उतारूचे मांडीवर डबे किती मावावे याविषयीं कायदा मौन. तात्याराव खिडकीबाहेर पाहात राहिले.

परभणीस अकरा डब्यांसह लक्ष्मीबाई उतरल्या. अकराजणांनीं जयघोष करावा तों त्यांनीं हात वर केला आणि तात्यारावांस विचारिलें, "भाऊ, आमचं काय चुकलं?" तात्यारावांनीं खिशांतून मेमो काढिला. तो बन्सीधर यांनीं मोठ्यानें वाचिला, आणि आंत अर्जाची नक्कल होती तींतला तिसरा 'सदर' ऐकतांच त्यांचा आवाज मंदावून नजर सूर्यभानांकडे वळली. लक्ष्मीबाईंस अक्षरओळख नव्हती, परंतु लेंकाचें तोंड वाचतां येत होतें.

"तू लिवलंस?"

"व्हय."

"त्या दोन भाकरी मीच देत व्हते. डब्यावर येगळ्या बांधून. पहाटं उपाशी निघालेला मानूस, भाडं घेत न्हाई, मग काय द्यावं?"

"मला सांगितलं न्हाईस कधी."

"त्यात सांगायचं काय?"

सूर्यभानांनीं भर स्टँडांत, जेथें तीन दिवस शिव्यांचा फड गाजविला तेथेंच, खालीं मान घालून धडप्याची गांठ सोडिली, वरच्या दोन भाकरी काढिल्या आणि तात्यारावांपुढें धरिल्या. तात्यारावांनीं हात पुढें केला नाही. बोलले, "मेमोचं मला काय न्हाई रे. पर तीन दिस तुझ्या मायला फाट्यावर उभं ठिवून गाडी न्हेली मी. रागात न्हेली. ते लय लागायलंय मला."

सूर्यभानांचे डोळे भरून आले, आणि हात तैसाच पुढें राहिला. ड्रायव्हरनें हॉर्न दिला. तात्यारावांनीं एकवार लक्ष्मीबाईंकडे पाहिलें, आणि मग सूर्यभानाचा हात त्याच्याच तोंडाकडे वळवून हुकूम केला, "आधी तू खा. पोट पाठीला लागलंय तुझं."

सूर्यभानांनीं घास घेतला. तो घशाखालीं उतरलेला पाहून तात्यारावांनीं उरलेली भाकरी घेतली आणि उभ्यानें खाल्ली. मग लक्ष्मीबाईंस त्यांनीं परतीचे गाडींत स्वतः जागा धरून दिली.

त्याच दिवशीं डेपोंत दुसरा अर्ज दाखल जाहला. त्यांत 'सदर' एकही नव्हता, आणि खालीं पूर्ण नांव, गांव व सही होती. ट्रंक रिकामी जाहली. दुसरे दिवसापासून अकरा डबे पूर्ववत् जारी जाहले, आणि शिक्षण पुरें होईतों दोन भाकरी कंडक्टरांस देण्याचें काम सूर्यभान स्वहस्तें करीत गेले.

येणेंप्रमाणें मोहीम फत्ते जाहली. फत्ते लक्ष्मीबाईंची, शिकस्त सूर्यभानांची. हें लिहून हेडमास्तर साहेबांस वाचून दाखविलें. त्यांनीं खोकला काढून पाहिला, तो आला नाही. मग म्हणाले कीं, माय गाडींतून उतरली तेव्हां सेवकानें लिहिल्याहून ती फार लहान दिसत होती, तेवढें लिही. लिहिलें असे.