रज्जाकचाचांची चौकशी

वडील चौतिसाव्या वर्षी गेले तेव्हा मी सात वर्षांची होते, दिलीप चारचा. आईनं वैजापूरच्या मार्केट यार्डात कांदे निवडून आम्हाला वाढवलं. त्यावर मी बी.ए. झाले, घराण्यातली पहिली. हर्सूलला शाळेत कारकून म्हणून लागले आणि दोघांना इथं आणलं.

शेजारी रज्जाकचाचा, रिटायर कंपाउंडर. लोक भेटल्यावर 'कसं काय' विचारतात, चाचा विचारत, "तुमच्यात तरणं कोण गेलं? कितव्या वर्षी?" भर पंगतीत नवरदेवाला 'आ कर' म्हणून हिरड्या बघणारा माणूस मी हा एकच पाहिला.

चाचांचं एकच म्हणणं, "हिरड्या सुजतात, झोप नाय, वरून बाप तरणा गेला. पोरगा पैलवान असला तरी दिल तपासा. जाड्यालाच होतंय, असं कौन बोल्या?"

पाहुणे पोरगी बघायला यायचे असले की गल्लीतले लोक चाचांना काहीतरी काम काढून खुलताबादला धाडत.

दिलीप कायम रात्रपाळीला. दिवसा कशीबशी चार तास झोप, ब्रश केला की रक्त. चाचांनी त्याला ओट्यावरच धरलं. "वालिद कशानं गेले?"

आई आतूनच म्हणाली, "साप चावला."

हा साप आम्ही सगळ्यांनाच सांगत होतो. वडील विहिरीवर छाती धरून बसले ते उठलेच नाहीत, आजोबाही तसेच. पण काळजाचं दुखणं घराण्यात आहे म्हटल्यावर मुलगी कोण देणार? दिलीपची सोयरीक त्याच आठवड्यात ठरत होती.

"लई साप झाले बघा. या गल्लीत चार घरांत चावलाय," चाचा म्हणाले. मग आवाज उतरला. "वहिनी, आमचा थोरला भाई बत्तीसचा गेला. धाकट्याचं लग्न व्हायचं होतं, म्हणून आम्ही टायफाईड सांगितला. मीच सांगितला. कंपाउंडर ना, लोकांना पटलं. धाकट्यालाबी पटलं. छातीत दुखायचं तर पित्त म्हणून सोडा प्यायचा. एकतिसाव्या वर्षी गेला."

आई दारात आली. "साप नव्हता, भाऊ."

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्याच्या रांगेत दिलीपच्या पुढं चाचाच उभे. रक्तातली चरबी भलतीच वाढलेली निघाली. गोळ्या सुरू झाल्या, दात नीट करून घेतले, पाळी बदलली. आईनं मुलीकडच्यांना खरं सांगितलं. ते पुन्हा आले नाहीत. दुसऱ्या घरीही तिनं आधी तेच सांगितलं. ती मुलगी आज माझी भावजय आहे.

औंदा दिलीपला एकेचाळीस वर्षं पूर्ण झाली.