कोणी ओळ उचलू नका!

"आवाज हा माझा विषय आहे!" पद्मिनीने धाकट्या भावाला ठणकावलं. "माझ्या परवानगीशिवाय त्या सभागृहात टाचणीसुद्धा पडणार नाही."

पद्मिनी आदिलाबादच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. तिचा भाऊ जयदीप टेनर होता. म्हणजे पाश्चात्त्य पद्धतीची गाणी वरच्या पट्टीत गायचा. परदेशातल्या एका संगीतशाळेला त्याच्या मैफलीचं चित्रण आज पाठवायचं होतं. अटी कडक! वाद्य फक्त गिटार, माइक नाही, समोर खरे श्रोते आणि सगळं एका दमात, न तोडता. पुढल्या वर्षी तो वयात बसत नव्हता.

पद्मिनीने कॉलेजच्या सभागृहातले पंखे बंद केले, खिडक्या लावल्या. पण श्रोते? लग्नाची तिथी दाट, शहरातलं कुणीच फिरकेना. शेवटी तिने जवळच्या जैनथ गावच्या सुधाकरमामांना फोन केला. मामा तासाभरात टेम्पो भरून हजर. अख्खं भजनी मंडळ!

"मामा, टाळ्या वाजवायच्या नाहीत हं."

"नाई वाजवत, बाई. टाळ बी गाडीतच ठेवले."

जयदीपने पहिली ओळ गायली आणि तो थांबला. आता गिटारची पाळी होती. हैदराबादहून आलेला भार्गव तारा छेडू लागला, तशी मंडळात चुळबुळ सुरू झाली. गाणाऱ्याने ओळ सोडली आणि मागून कोणी उचलली नाही? असा अपमान जैनथमध्ये शत्रूचाही होत नसे! मामांनी पद्मिनीकडे पाहिलं. तिने डोळे वटारले. मामांना वाटलं, पोरगी चिडली, 'बसले काय नुसते' म्हणते!

सगळे गळे एकदम उघडले. शब्द जर्मन होते, ते त्यांनी सोडून दिले. चाल मात्र उचलली.

"थांबा! थांबा!"

"काऊन? बेसूर झालो का आमी?"

"मामा, ओळ उचलायची नाही!"

"अन् पोट्टा एकटाच गाऊन राह्यला, ते चालते तुले? वैऱ्याच्या गावात आला का तो?"

दुसऱ्या वेळी मंडळ ओठ आवळून बसलं. पण रुक्माबाईंच्या नाकातून सूर निसटलाच.

"ताई," भार्गव घड्याळ बघत म्हणाला, "माझी गाडी आहे. आता एकदाच."

तिसरी वेळ. घामाच्या धारा लागल्या होत्या. उकळत्या पातेल्यावर झाकण दाबून धरावं तसं मंडळ श्वास दाबून बसलं. एकेक गाणं पार पडत गेलं. शेवटचं गाणं आलं, त्यातला सगळ्यात उंच सूर जवळ आला आणि जयदीपचा थकलेला आवाज फुटेना! कॅमेरा चालू. भार्गव तेच चार सूर पुन्हापुन्हा फिरवत राहिला. जयदीपने केविलवाणं होऊन मामांकडे पाहिलं.

मामांनी या वेळी पद्मिनीकडे बघितलंच नाही. त्यांनी हलकेच ओळ उचलली. मागून मंडळ आलं.

"शूऽऽ!" पद्मिनी म्हणाली. कोणी ऐकेना. "शूऽऽऽ!!"

तेवढ्यात जयदीपने छाती भरून घेतली आणि असा सूर लावला, की गिटारही क्षणभर थबकली.

दुसरं चित्रण नव्हतंच. तेच पाठवलं.

महिनाभराने जयदीप ओरडतच घरात शिरला. "ताई, घेतलं मला!"

"अन् मंडळाचं काय म्हणाले?" पद्मिनीने विचारलं.

"फार संयमी साथ, म्हणाले. फक्त..." तो घुटमळला.

"बोल ना!"

"शेवटच्या गाण्याच्या वेळी सभागृहात गॅस गळल्याचा आवाज येत होता म्हणे. सगळे सुखरूप आहेत ना, असं विचारलंय."