तळ्याकाठी घर एक

मोजणीच्या कामात माझ्या हातून चूक होणे अशक्य आहे, असे मी त्या काळी चारचौघांत सांगत असे. तंत्रनिकेतनाची पदविका आणि भातगिरणीच्या इंजिनावर काढलेली सत्तावीस वर्षे माझ्या पाठीशी होती!

महाडात गिरणीच्या तळ्याकाठी आमची वस्ती. गिरणी बंद पडली आणि १९८१ साली वस्तीच्या जागी नवी चाळ बांधण्याची योजना आली. ज्या घराच्या भिंतीवर क्रमांक, तिथे राहणाऱ्यांना खोल्या. क्रमांक घालण्याचे काम अर्थातच मी पत्करले. ओळंबा लावून, गेरूने, एकोणचाळीस घरांवर वीतभर उंचीचे आकडे काढले.

शेजारच्या बनुबाई गिरणीत भात पाखडून म्हाताऱ्या झालेल्या. मागेपुढे कोणी नाही. "दादा, माजी खोली नक्की ना?" त्या रोज विचारीत.

"निश्चिंत राहा!" असे सांगून मी सौ.सह चार दिवस लेकीकडे कापडे गावी गेलो.

अठरा मार्चला मोजणीसाहेबांबरोबर परतलो, तो सारी वस्ती बगळ्यासारखी पांढरीशुभ्र! दोन दिवसांनी सत्याग्रहदिनी चवदार तळ्यावर माणसे लोटणार, घरोघरी पाहुणे उतरणार. म्हणून दरवर्षीप्रमाणे भिंतींना चुना लागला होता. हे मला ठाऊक नव्हते काय? जन्मापासून ठाऊक होते. केवळ कामाच्या वेळापत्रकात धरलेले नव्हते.

"बनुबाई, आकडा कुठे आहे?"

"हाय की, आत हाय! वरून दोन हात चुना दिलाय. पावनं काय म्हनतील, भिंतीवर लाल फराटं बगून?"

एकच क्रमांक शिल्लक होता. माझा! माझ्या भिंतीला न विचारता हात लावण्याची कोणाची छाती नव्हती.

मी नोंदवही पुढे केली. "वहीत कोणी राहत नसते," साहेब म्हणाले आणि लिहू लागले, 'तळ्याकाठी घर एक.'

बनुबाई साहेबांच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मग आमी सगली या दादांच्याच घरात ऱ्हातो, तसं लिवा!"

"मी माळ्यावर!" वस्तीतला हैबती ओरडला.

"आमी पडवीत!" चिमाबाईंनी जागा धरली.

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "दोन खोल्यांत अडतीस भाडेकरू?"

आयुष्यात सूतभरही खोटे माप दिले नव्हते. बनुबाई माझ्याकडे पाहत होत्या.

"होय," मी म्हणालो. "दाटी आहे खरी."

दोन वर्षांनी अडतीसही भाडेकरूंना खोल्या मिळाल्या. भाडेकरू ठेवणाऱ्या घरमालकास खोली देण्याची तरतूद योजनेत नव्हती आणि त्याचे घर चाळीच्या जिन्याखाली गेले. सध्या आम्ही उभयता बनुबाईंच्या खोलीत राहतो. पोटभाडेकरू ठेवण्यास सक्त मनाई आहे. त्यामुळे चौकशीला कोणी आले की मी बनुबाईंचा उमरठ गावचा भाऊ असतो.