एका पावलाच्या चार सनदा

गोदामाईस दंडवत घालून, जैसे घडले तैसे लिहिले आहे.

सन दोन हजार चार, भाद्रपद मास. मौजे मखमलाबाद, नाशिकलगत, तेथील राजश्री ज्ञानेशराव, फ्लॉवर-कोबीचे वतनदार, यांचे घरी गंगापूर रोडवरील बालवाडीचा खलिता आला. हुकूम ऐसा की, कन्या हर्षाली, वय वर्षे तीन, हिची वाढ यथास्थित आहे किंवा कसे याची डॉक्टरांकडून तपासणी करवून फॉर्म सोमवारी दाखल करावा. ज्ञानेशरावांनी पेन उचलले आणि अकरा रकाने एका बैठकीत सर केले, मग बाराव्यापाशी घोडे अडले. 'मुलाने पहिले पाऊल कधी टाकले? तारीख लिहा.' तेव्हा त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून "मंजू, अगं" इतके म्हटले आणि पेन खाली ठेवले. पत्नी मंजुषाबाई देवाघरी जाऊन चौदा महिने झाले होते. बाई गेल्या हे सर्वांस ठाऊक होते. बाईंबरोबर तारखाही गेल्या, हे त्या दिवशी कळले.

पाऊल ज्ञानेशरावांनी स्वतः पाहिले होते. मार्केटातून येऊन ते टेम्पोतून उतरले आणि पोर आईचे बोट सोडून चार पावले त्यांजकडे आली. तारीख मात्र लक्षात राहिली नव्हती. एवढी एक गोष्ट तरी खरी लिहावी, अंदाजे लिहू नये, ऐसा त्यांचा निश्चय जाहला आणि त्यांनी सायंकाळी ओट्यावर गोतसभा बोलाविली.

दरम्यान थोरल्या भावजय लताबाई यांनी कन्येची कवायत आरंभिली होती. एका पायावर उभे राहणे, रंग ओळखणे, नाव सांगणे, ऐसे तीन मोर्चे. पैकी पहिलाच मोर्चा फसला.

"मी नाय एका पायावर. मी बगळा नाय," ऐसे हर्षालीराजे यांनी फर्मावले आणि त्या कोबीच्या क्रेटात जाऊन बसल्या.

सभा भरली. प्रथम शेजारच्या सगुणाबाई, झेंडूच्या मळ्याच्या मालकीण, पुढे झाल्या.

"दसऱ्याच्या आदल्या दिशी. माझ्या अंगणात झेंडूचा ढीग पडला व्हता, त्याच्याकडं चालली. लिही तारीख."

"काहीतरीच काय, मावशी! वसुबारसेला चालली, आमच्या गोठ्यात. सरळ गाईकडे गेली," ऐसा लताबाईंनी उलट दावा लावला.

मग ज्ञानेशरावांचे तीर्थरूप भिमाजीबाबा यांनी काठी आपटली. "गप ऱ्हा दोघी. फ्लॉवरची पयली तोडणी व्हती. बांधावर माझ्याकडं आली ती."

"बाबा, तुम्हाला चष्म्याबिगर फ्लॉवर अन् पोरगी एकच दिसती!" सगुणाबाई उसळल्या.

"दिसत नसंल, ऐकू तर येतंय ना? धाकटी सून सोता म्हणली. 'बाबा, आत्ताच, पहिल्यांदा. तुमचीच वाट पाहत होती.'"

यावर सगुणाबाई हळू म्हणाल्या, "अगं बया. मला बी हेच म्हणली. शब्दाला शब्द."

लताबाईंनी हातातले सूप खाली ठेवले. "मलाही, मावशी."

ऐसा प्रकार उघडकीस आला. मंजुषाबाईंनी एकच वतन तिघांस इनाम दिले होते आणि प्रत्येकाने ते दोन वर्षे छातीशी धरले होते. सगुणाबाई आधी हसल्या आणि मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "लय पोचलेली व्हती गं मंजू. बघ की, एवढ्याशा पावलात समद्यांना खूश केलं."

ज्ञानेशरावही हसले. टेम्पोपाशी त्यांस मिळालेले शब्दही हेच होते. पण आपली सनद त्यांनी सभेत काढली नाही.

शनिवारी प्रातःकाळी एम एटी दुचाकीवर कूच केले. कन्या पुढे उभी, फॉर्म खिशात, लताबाई मागे. दवाखान्यात वजन जाहले, उंची जाहली, रंगांचा गड पडला. एका पायाची वेळ आली तेव्हा हर्षालीराजे यांनी डॉक्टरीणबाईंस आज्ञा केली, "आधी तू." बाई बिचाऱ्या टेबल धरून एका पायावर उभ्या राहिल्या. मग कन्येने टेबल न धरता उभे राहून दाखविले, आणि बाई डळमळल्या तरी आपण ढळली नाही.

"बारावा रकाना कोरा का?" डॉक्टरीणबाईंनी पुसले.

"तारीख सापडत नाही, मॅडम."

"दीड वर्षाच्या आत चालली ना?"

"हो. चारही वेळा आतच."

बाईंनी चष्म्यावरून पाहिले, लताबाईंनी दिराकडे पाहिले. 'वाढ योग्य' ऐसे लिहून बाईंनी सही-शिक्का केला. मग म्हणाल्या, "तिथे एखादी तारीख टाकून द्या. कुणी बघत नाही."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. कन्येस पेरू मिळाला, लताबाईंस गजरा मिळाला, आणि भिमाजीबाबांनी गावभर सांगितले की नात डॉक्टरास भारी पडली.

फॉर्म सोमवारी द्यायचा आहे. ज्ञानेशरावांनी दोनदा पेन उघडले आणि मिटले. बारावा रकाना भरायचा राहिला आहे.