प्रोफेसरांच्या कानातली ताई

"हरण्याचा प्रश्नच येत नाही!" मेकअप रूममधल्या आरशाला प्रोफेसरांनी ठणकावून सांगितलं.

एका अर्थी ते खरंच होतं. प्रोफेसरांना प्रश्न येत नव्हते, आणि उत्तरं तर त्याहून येत नव्हती.

प्रोफेसर म्हणजे मालिकेतले प्रोफेसर. रोज संध्याकाळी चष्मा कपाळावर सरकवून अख्ख्या कुटुंबाच्या अडचणी चुटकीसरशी सोडवणारे. खऱ्या आयुष्यात हा माणूस कॉलेजची पायरीसुद्धा चढला नव्हता. पण लोक ते विसरले होते, आणि खरं सांगायचं तर प्रोफेसरही विसरत चालले होते. परवा दाताच्या डॉक्टरांनी त्यांना मुलाला कोणत्या शाखेत घालू म्हणून विचारलं, आणि ह्यांनी तोंडात कापूस असताना अर्धा तास मार्गदर्शन केलं!

ही सगळी विद्वत्ता येत होती एका कानातून. उजव्या. पाठांतराच्या नावाने प्रोफेसरांची बोंब होती, म्हणून त्यांच्या कानात शेंगदाण्याएवढं यंत्र बसवलेलं असायचं आणि पडद्यामागून त्यांची मोठी बहीण माइकवर प्रॉम्प्टिंग करायची. ताई शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. त्या म्हणायच्या, "डावीकडे वळ. सुस्कारा टाक. म्हण, 'सूनबाई, सत्याला मरण नसतं.'" प्रोफेसर वळायचे, सुस्कारा टाकायचे, म्हणायचे. कानात आलेला शब्द त्यांच्या डोक्याकडे जातच नसे. थेट तोंडाकडे नाहीतर पायांकडे!

एकदा मालिकेतल्या बायकोच्या मृत्यूच्या प्रसंगात ताईंनी शेजारी चहा करणाऱ्याला सांगितलं, "माझ्यात साखर कमी टाक." माइक बंद करायचा राहून गेला होता. प्रोफेसरांनी पत्नीचा थंडगार हात हातात घेतला आणि हुंदका देत म्हणाले, "माझ्यात साखर कमी टाक!" तो भाग पाहून घरोघरी बायका ओक्साबोक्शी रडल्या म्हणे.

तर अशा माणसाला वाहिनीने कलाकारांच्या प्रश्नमंजूषेत बसवलं. तेही थेट प्रक्षेपण! निर्मातीबाईंनी बोलावून सांगितलं, "प्रोफेसर, मालिकेचे प्रेक्षक घटताहेत. तुम्ही जिंकलात तर ते परत येतील. पण टीव्हीवर तुमचं हसं झालं, तर तुम्हाला प्रोफेसर कोण मानणार? मग माझा नाइलाज आहे. तुमचं पात्र जिन्यावरून पडेल."

"पडेल आणि?"

"आणि उठणार नाही."

प्रोफेसरांच्या पायाखालची जमीन सरकली. ही भूमिका मिळण्याआधी ते लग्नाच्या हॉलमध्ये 'वधूवरांनी इकडे बघा' एवढंच माइकवर सांगायचे. पुन्हा तिथे जायचं? वधूवरांनीच ओळखलं तर? ते तडक ताईंकडे गेले.

"जमणार नाही!" ताई कडाडल्या. "उभ्या जन्मात मी माझ्या वर्गात कुणाला कॉपी करू दिली नाही!"

"ताई, मी जिन्यावरून पडणार गं!"

ताईंनी भावाकडे पाहिलं. लहानपणी झाडावर चढून बसला आणि उतरता येईना, तेव्हाचाच चेहरा! त्या विरघळल्या. "एवढ्या एका वेळेला हं, ढब्या," त्या म्हणाल्या आणि शूटिंगचा माइक घेऊन मेकअप रूममधल्या टीव्हीसमोर ठाण मांडून बसल्या.

पहिलं विघ्न स्टुडिओच्या दारातच आलं. तपासणी करणाऱ्या बाईंनी प्रोफेसरांच्या कानात डोकावून विचारलं, "हे काय?"

दारातलं ताईंना टीव्हीवर दिसत नव्हतं, त्यामुळे प्रोफेसरांना स्वतः बोलावं लागलं. "मला... मला कमी ऐकू येतं," ते म्हणाले.

बाईंचे डोळे पाणावले. "आणि तरी इतकी वर्षं काम करताय!" बाईंनी ती बातमी सूत्रसंचालकाला सांगितली, त्याने ध्वनियंत्रणावाल्याला सांगितली, आणि सगळ्यांनी मिळून प्रोफेसरांची खास सोय केली. उंच मंचावर त्यांची खुर्ची भल्यामोठ्या स्पीकरला खेटून ठेवली!

शेजारी दोन स्पर्धक होते. एक गायिका, जिने घसा जपायचा म्हणून हळू आवाजात बोलायचं व्रत घेतलं होतं. दुसरा फुटबॉलचा माजी गोलकीपर. बझर वाजवायची वेळ आली की हा गडी त्याच्यावर झेपच घ्यायचा. उत्तर येवो न येवो, बझर त्याचाच. चुकलं की मग संधी पुढच्याकडे जायची.

"प्रोफेसर!" सूत्रसंचालक त्यांच्या तोंडाजवळ येऊन बोंबलला. हा गोलमटोल, हसरा गृहस्थ होता. "ऐकू! येतंय! ना!"

प्रोफेसर खुर्चीत हातभर उडाले. डाव्या कानात स्पीकर, समोर सूत्रसंचालक आणि उजव्या कानात ताई!

पहिला प्रश्न आला. "माणसाच्या! शरीराचा! सर्वांत मोठा! अवयव! कोणता!"

गोलकीपरने झेप घेतली आणि आत्मविश्वासाने सांगितलं, "पाय!" चूक. गायिका कुजबुजली, "गळा." तेही चूक. आता प्रोफेसर.

"त्वचा," कानात ताई म्हणाल्या.

स्पीकरच्या घरघरीत ते ऐकूच आलं नाही. ताईंचा पारा चढला. "अरे ढब्या, त्वचा!"

"अरे ढब्या, त्वचा!" प्रोफेसर सूत्रसंचालकाकडे बघून खणखणीत आवाजात म्हणाले.

सूत्रसंचालकाचा चेहरा पडला. त्याने हळूच आपल्या पोटावरून हात फिरवला. "उत्तर बरोबर आहे," तो दुखावल्या स्वरात ओरडला, "पण माणसाच्या! शरीरावरून! बोलू नये!"

मग मात्र प्रोफेसरांची गाडी सुसाट सुटली. ग्रह झाले, राजे झाले, नद्या झाल्या. ताई सांगत होत्या, प्रोफेसर फेकत होते. मधेच "पंखा लाव गं जरा, जीव जातोय" असंही एक उत्तर त्यांनी दिलं, पण विद्वान माणूस विक्षिप्तच असायचा, म्हणून त्यावर टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या निर्मातीबाईंच्या चेहऱ्यावर चक्क हसू होतं! प्रोफेसरांचा जीव भांड्यात पडला. आणि नेमका त्याच वेळी गोलकीपरला खेळावरच्या प्रश्नांची लॉटरी लागली. बघता बघता दोघांची बरोबरी झाली!

"शेवटचा! प्रश्न!" सूत्रसंचालकाचा घसा एव्हाना फाटला होता. "संधी आधी प्रोफेसरांना! होकायंत्राच्या सुईचं लाल टोक! कोणती दिशा! दाखवतं!"

मेकअप रूममध्ये ताई आनंदाने टुणकन उठल्या. हे तर शाळेतलं पोरही सांगेल! "उत्तर!" त्या म्हणाल्या.

प्रोफेसरांनी मान डोलावली आणि ते वाट बघत बसले. नेमका हाच एक शब्द त्यांच्या डोक्याकडे गेला. उत्तर, म्हणजे आता ताई उत्तर सांगणार. सांगेल. घाई काय आहे?

"उत्तर!" ताई पुन्हा म्हणाल्या.

'हो गं, पण काय उत्तर?' प्रोफेसर मनातल्या मनात म्हणाले.

"तुमचं उत्तर!" सूत्रसंचालक समोरून ओरडला.

"उत्तर!" कानातून ताई ओरडल्या.

"उत्तर! द्या!" स्पीकर गरजला.

त्या गदारोळात ताईंचा संयम सुटला. वर्गात शेवटच्या बाकावर खडू फेकावा तशा त्या गरजल्या, "उत्तर रे! उत्तर! उत्तर!"

घरघरीने त्यातला जोडाक्षराचा भार तेवढा गिळला. प्रोफेसरांच्या कानात स्वच्छ शब्द पडला, "उतर रे! उतर! उतर!"

एवढंच होय! प्रोफेसर उठले आणि भारदस्त पावलं टाकत मंच उतरू लागले.

लोकांना काही कळेना. निर्मातीबाई उभ्या राहिल्या. टीव्हीसमोर ताईंनी कपाळावर हात मारला. "अरे, कुठे निघालास? थांब!"

"अरे, कुठे निघालास? थांब!" पायरीवर प्रोफेसर गरजले आणि एक पाय हवेत ठेवून थांबले.

"मागे वळ!"

हवेतला पाय हवेतच ठेवून मागे कसं वळायचं, हे ताईंनी सांगितलं नव्हतं. प्रोफेसर वळले. वळले ते गडगडतच खाली आले!

गोलकीपर हाडाचा खेळाडू. त्याने जागेवरून सूर मारला आणि झेल घेतला. प्रोफेसरांचा नव्हे! प्रोफेसर त्याच्या बगलेखालून धाडकन जमिनीवर गेले. त्याच्या हातात आलं होतं त्यांच्या कानातून उडालेलं ते यंत्र. हे काय म्हणून त्याने ते कॉलरच्या माइकजवळ धरून न्याहाळलं, आणि स्टुडिओत ताईंचा आवाज घुमला.

"गाढवा, उत्तर दिशा! उत्तर! सहा वेळा सांगितलं! लागलं का रे तुला?"

तपासणीवाल्या बाई मटकन खाली बसल्या. सूत्रसंचालकाने आ वासला तो मिटेचना. गायिकेने व्रत मोडून किंकाळी फोडली, तीही वरच्या पट्टीत. आणि जमिनीवर पडलेल्या प्रोफेसरांना पायापेक्षा जास्त दुखत होतं ते दुसरंच काही. सगळा देश आपल्याकडे बघतोय आणि कानात कुणीच नाही!

तेवढ्यात गोलकीपरने परत मंचावर झेप घेऊन मोकळा हात बझरवर मारला.

"उत्तर!" तो म्हणाला.

सवयीने सूत्रसंचालक ओरडला, "बरोब्बर!"

पाय प्लास्टरमध्ये घालून प्रोफेसर घरी पडून होते. निर्मातीबाई आल्या तेव्हा त्यांनी स्वतःच हात जोडले. "मॅडम, मी पडलो. आता उठत नाही."

"उठायचंय!" बाई म्हणाल्या. "लोक वेडे झालेत. तुमचं पडणं घराघरात पुन्हा पुन्हा बघताहेत. मालिकेत आपण तेच दाखवू. प्रोफेसर पडले आणि त्यांची स्मरणशक्ती गेली. आता काही आलं नाही तरी कुणी हसणार नाही. एक अट आहे. ताईंनी घरी बसायचं. वाहिनीने सक्त बजावलंय."

"पण मग वाक्यं?"

"पहिल्या दिवशी एकच वाक्य आहे. डॉक्टर विचारतील, 'प्रोफेसर, काही आठवतंय?' तुम्ही म्हणायचं, 'नाही, मला काहीच आठवत नाही.' हे तरी लक्षात राहील ना?"

"विसरण्याचा प्रश्नच येत नाही!" प्रोफेसर म्हणाले.

रात्रभर त्यांनी घोकलं. सकाळी गाडीत घोकलं. पलंगावर झोपवून डोक्याला पट्टी बांधली, तोवर घोकत होते. कॅमेरा सुरू झाला. डॉक्टर वाकले. "प्रोफेसर, काही आठवतंय?"

प्रोफेसरांनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. नजर भांबावून कोपऱ्याकडे गेली. तिथे ताईंची रिकामी खुर्ची होती.

"ताई," त्यांचा आवाज कापला, "काय गं होतं ते?"

दिग्दर्शकाने डोळे पुसले. निर्मातीबाईंनी टाळ्या वाजवल्या. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा!" त्या सद्गदित होऊन म्हणाल्या. "पहिल्यांदा ह्या माणसाने खरा अभिनय केला!"