सुभेदारांच्या दाताखालचा खडा

जेवताना सुभेदार हंबीररावांच्या दाताखाली कटकन खडा आला. तो ताटाच्या कडेला ठेवून त्यांनी रस्सा वाढणाऱ्या बायकोकडं, साळूबाईंकडं, डोळे वटारून पाहिलं.

"मटणात खडा?"

"मला काय पुसताय? जोतीरामाला पुसा. सहा म्हैनं रोज त्याच्याच दारात जाताय न्हवं."

ते खरं होतं. चौऱ्याहत्तर साली पलटणीतून मलकापूरला परतल्यावर हंबीररावांनी भाकरी, भात, भाजी सगळं बंद करून नुसतं मटण चालू केलं होतं. दात घासणंही सोडलं होतं. "वाघ मिसरी लावतो काय? किडत्यात का त्याचं दात?" असं ते भेटेल त्याला दरडावून विचारत.

खडा रुमालात बांधून ते तडक जोतीराम खाटकाच्या दुकानात गेले. रविवारची गर्दी होती.

"वजन वाढवाय खडं घालतोस व्हय रं?"

चार गिऱ्हाइकं तिथूनच परत फिरली. जोतीरामनं सुरी खाली ठेवली. "सुभेदार, माझ्या धंद्याला डाग लावू नगा. मसाला तुमच्या पाट्यावर वाटलाय. त्याचा टवका आसंल."

हे घरी कळताच साळूबाईंनी जोतीरामला बोलावून घेतलं आणि पाटा उचलून त्याच्यापुढं अंगणात आणून आपटला. "माझ्या आयनं दिलेला पाटा हाय. दावा टवका."

टवका नव्हता. जोतीराम वाकून पाटा बघत होता, तो वर न बघताच म्हणाला, "मग सुभेदारांचा दातच तुटला आसंल."

हंबीररावांच्या कानशिलाच्या शिरा तटतटल्या. दात दाखवायला ते तयार झाले, पण कराडचा डॉक्टर जोतीरामचं गिऱ्हाईक, त्याचा निवाडा त्यांना मान्य नव्हता. सोमवारी तिघंही एसटीनं सांगलीला निघाली.

विश्रामबागेतल्या दाताच्या डॉक्टरांनी खडा उजेडात धरला, मग सुभेदारांच्या तोंडात आरसा घातला.

"हा दगडही नाही आणि दातही नाही. हे किटण आहे. तुमच्याच तोंडात तयार झालंय."

"मी गोडधोड खात न्हाई. भातसुदिक न्हाई."

"म्हणून दात किडले नाहीत. पण घासले नाहीत, तर मटण खा नाहीतर भाकरी, लाळेतला क्षार दातांवर बसतोच. हिरड्या बघा केवढ्या सुजल्यात. अजून बरंच आहे आत."

जोतीराम हसला नाही. तो म्हणाला, "डाक्टर, एवढं कागदावर लिवून द्या. दुकानात लावतो."

तासभर खरवडल्यावर किटणानं बुजलेल्या फटी मोकळ्या झाल्या. स्टँडवर जोतीराम कागद घेऊन पुढच्या गाडीनं गेला. मागच्या गाडीत हंबीररावांनी जागा धरली आणि खिडकीतून रागानं हाक मारली, "साळे!"

फटीतून वारा सुटला आणि हाकेऐवजी लांबलचक शिट्टी निघाली. स्टँडवरच्या बायका वळून बघायला लागल्या. साळूबाई संतापून खिडकीखाली आल्या.

"एवढी वर्सं संवसार केला, आन् आता भर ष्टँडात मला शिट्टी घालता व्हय?"

"समजून..." म्हणायला गेले, तर पुन्हा शिट्टी. हंबीरराव थांबले. 'स' नसलेला शब्द त्यांनी बराच वेळ शोधला.

"चुकलं," ते म्हणाले.